ब्लेंडेड लर्निंगवर काम करताय? फॉर्म न भरलेल्या पोरांकडे आधी जा

नवीन पीएचडीला लागलेले किंवा नुकतेच कुठल्यातरी डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून जॉइन झालेले बरेच जण विचारतात की मॅडम, ब्लेंडेड लर्निंग (थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन शिकवणं) हा टॉपिक घेतलाय, मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) एक विषय चढवतो, सेमच्या शेवटी गूगल फॉर्म फिरवतो आणि टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) लावतो, होईल ना? होईल. डिग्रीपण मिळेल. पण आपल्या बेळगाव भागातल्या पोरांना त्या कोर्सचा उपयोग झाला की नाही, हे त्यातून कळणार नाही, आणि मला त्याचंच जास्त लागतं म्हणून एवढं लिहिते.

एलएमएस (मूडलसारखी शिकवायची सिस्टिम) काय, मूडल कसं टाकायचं, क्विझ कशी बनवायची हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मूडल फुकट आहे, 2002 पासून जगभर वापरात आहे, त्यामुळे कोणी महागडं सॉफ्टवेअर घ्यायला लावत असेल तर सरळ नाही म्हणा. सर्व्हरचा आणि तो सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च मात्र लागतोच, तो प्रपोजलमध्ये आधीच लिहा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2021 मध्ये जो ब्लेंडेड मोडचा मसुदा काढला त्यात कोर्सचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि बाकीचा वर्गात असं म्हटलंय, तेव्हा परवानगी मागताना त्याचा आधार मिळतो.

आता आपला भाग. बेळगावात 1998 पासून व्हीटीयू हे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आहे, 2010 ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, शहरात बसलं की सगळं जवळ आहे असं वाटतं. पण वर्गात बसलेली पोरं येतात खानापूर, हुक्केरी, चिकोडी, अथणीकडच्या गावांतून. कोणी दहावीपर्यंत मराठी मिडियम, कोणी कन्नड, आणि डिग्रीला आल्यावर पुस्तक इंग्लिश. घरात चांगला फोन एकच, आणि भाऊ गोव्याला कामाला लागला की तो फोन त्याच्याबरोबर जातो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरपण बसतो. हे सगळं तुम्हालाही माहीत आहे, पण रिसर्च डिझाइन करायला बसलं की ते डोक्यातून निघून जातं आणि रिसर्च पेपरात वाचलेलं परदेशातलं विद्यापीठ समोर येतं.

तर मी ज्यात अडकले ती गोष्ट ही. ऑनलाइन शिकण्याबद्दलचं मत आम्ही ऑनलाइन फॉर्मवरच विचारलं. लिंक ग्रुपवर टाकली, उत्तरं आली, बहुतेकांना कोर्स आवडलेला. मग पॅसेजमध्ये खानापूरकडची एक मुलगी भेटली, तिला सहज विचारलं फॉर्म भरलास काय गं, तर म्हणाली, "मॅडम, आमच्यात रेंजच येईना झालीया, फॉर्म कुठनं भरू?" त्या एका वाक्यात सगळं आलं. ज्याला रेंज नाही त्याला कोर्स दिसला नाही, आणि त्याचं मत घ्यायचा रस्तापण त्याच रेंजवरून जाणारा. म्हणजे ज्यांचं बिघडलं तेच नेमके आकड्यातून गळाले आणि राहिले ते ज्यांचं बरं चाललं होतं.

हे हिशेबाने बघा म्हणजे पटेल. समजा वर्गात 60 पोरं आहेत. 40 जणांनी फॉर्म भरला, त्यातल्या 32 जणांनी कोर्स उपयोगी आहे म्हटलं. तुम्ही लिहिणार 80 टक्के समाधानी. पण उरलेल्या 20 जणांचं काय? ते सगळे नाराज असतील तर 60 पैकी 32, म्हणजे 53 टक्के. ते सगळे खूश असतील तर 52, म्हणजे साधारण 87 टक्के. खरा आकडा 53 आणि 87 च्या मध्ये कुठेतरी आहे, आणि आपल्याकडे तो खालच्या बाजूलाच असायची शक्यता जास्त, कारण फॉर्म न भरण्याचं कारण आणि कोर्स न पोचण्याचं कारण एकच आहे. 80 हा आकडा चुकीचा नाही, तो फक्त त्या 40 जणांचा आहे, आणि आपण तो अख्ख्या वर्गाच्या नावावर खपवतो. टी-टेस्ट, जास्त गटांची तुलना करणारी अनोव्हा, काहीही लावा, जो माणूस डेटात नाहीच त्याला कुठलीही टेस्ट परत आणत नाही. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकामी रो पण दिसत नाही, कारण ती रो तयारच झालेली नसते.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही, घाबरू नका. हजेरीचं मस्टर घ्या, वर्गातल्या सगळ्यांची यादी काढा. इंटर्नल परीक्षेच्या दिवशी झाडून सगळी पोरं येतात, त्या दिवशी कागदावरचा छोटा फॉर्म द्या, चार-पाच प्रश्न, मराठी आणि कन्नड दोन्हीत. फोन स्वतःचा आहे का, गावात व्हिडिओ चालतो का, मटेरियल कुणाकडून मिळालं, कुठे अडलं. फॉर्मवर नाव नको. फॉर्म दिला की मस्टरवर फक्त टिक करा, आणि गोळा करायला तुम्ही स्वतः थांबू नका, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कुणालातरी बसवा. जी मॅडम इंटर्नलचे मार्क देणार तिच्यासमोर कुठलं पोरगं लिहील की तुमचा कोर्स मला कळला नाही? त्या दिवशीही जे आले नाहीत त्यांच्या गावी, निदान थोड्यांच्या तरी, स्वतः जा. दोन बस बदलाव्या लागतील, पण थिसिसमधलं सगळ्यात चांगलं चॅप्टर तिथेच मिळतं.

लॉगबद्दल पण तेच. मूडलचे लॉग बघून खूप जण हुरळतात, कुणी किती वेळा काय उघडलं सगळं दिसतं म्हणून. पण आपल्याकडे एक पोरगं पीडीएफ उतरवून घेतं आणि व्हॉट्सअॅपवर वर्गाला पाठवतं, लॉगमध्ये नाव एकट्याचं. उलट एकाच फोनवर तिघं-चौघं आपापल्या आयडीने आत जातात आणि क्विझ एकच जण सोडवतो. म्हणजे लॉग कमी पण सांगतो आणि जास्त पण. तो टाकून देऊ नका, फक्त त्याला शिकणं म्हणू नका. फाइल उघडली एवढाच त्याचा अर्थ.

ऑड सेमची (पहिलं, तिसरं, पाचवं) तुलना इव्हन सेमशी (दुसरं, चौथं, सहावं) करू नका. अजिबात नको. ऑड सेम पावसात, खानापूर तालुक्यात तेव्हा लाइटचं काही खरं नसतं, आणि ऊसतोड सुरू झाली की अथणी-चिकोडीकडची बरीच पोरं शेतात. फरक आला तर तो मूडलमुळे आला की ऋतूमुळे, हे तुम्ही कसं सांगणार? त्यातल्या त्यात बरं म्हणजे यंदाचं ऑड सेम आणि मागचं ऑड सेम, तोच विषय, शिकवणारा तोच, आणि सुरुवातीला प्री-टेस्ट, म्हणजे कोर्सआधीची चाचणी, सगळ्यांची.

आणखी एक. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2010 मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण छापलं होतं, त्यात ब्लेंडेड वर्ग नुसत्या समोरासमोरच्या वर्गापेक्षा पुढे निघाले. हे वाक्य प्रत्येक थिसिसमध्ये असतं. पण त्याच रिपोर्टमध्ये सांगितलंय की ब्लेंडेडवाल्यांना वेळ आणि मटेरियल बऱ्याचदा जास्तीचं मिळालेलं होतं, त्यामुळे श्रेय ऑनलाइनला देता येत नाही. हे वाक्य कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा, आणि आपल्या दोन्ही बॅचना किती तास मिळाले तेपण मोजा.

ट्रेनिंगचा उपयोग मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या तुम्ही वाचल्या असतील, आवडलं का, शिकले का, वागण्यात आलं का, शेवटी परिणाम काय. आपली बहुतेक कामं पहिल्या पायरीवरच संपतात. दुसरीपर्यंत पोचलात तरी पुष्कळ, चारही गाठायच्या नादात लागू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दुसऱ्याच्या थिसिसमधली प्रश्नावली उचलून, विद्यापीठाचं नाव बदलून वापरणं हा रोग आहे. शहरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी केलेला प्रश्न निपाणीच्या बीएच्या पोराला लागू पडत नाही, तो मधल्या खान्यात टिक करून मोकळा होतो. गाइड निवडताना नाव बघू नका, तो ड्राफ्ट परत किती दिवसांत देतो ते सीनियर्सना विचारा. स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांना डेटा गोळा झाल्यावर नाही, प्रश्न लिहिण्याआधी भेटा. आणि कॉम्प्युटर लॅबचा अटेंडर जो असतो ना, त्याला विचारा. कुठलं पोरगं रोज चारनंतर लॅबमध्ये बसतं, कुणाला पासवर्ड आठवत नाही, कुणाचं अकाउंट दुसराच चालवतो, हे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं.

मटेरियल हलकं ठेवा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ शेकडो एमबी खातो, तेच बोलणं 64 केबीपीएसच्या ऑडिओत साधारण 19 एमबीत बसतं, 32 वर ठेवलं तर दहाच्या आत. नुसतं बोलणं ऐकायला तेवढं चालतं. मूडलच्या मोबाइल अॅपवर मटेरियल उतरवून नंतर रेंज नसताना बघता येतं, क्विझपण ऑफलाइन सोडवता येते, पण क्विझच्या सेटिंगमध्ये ती परवानगी तुम्हाला स्वतः चालू करावी लागते. कॉलेजच्या वायफायवर पोरांकडून पहिल्याच आठवड्यात हे समोर बसवून करून घ्या.

रिझल्टमध्ये फरक आला नाही म्हणून रडत बसलेले स्कॉलर मी पाहिलेत, मी स्वतः त्या रात्री काढल्यात. फरक न येणं म्हणजे काम वाया गेलं असं नाही. कुठल्या पोरांपर्यंत कोर्स पोचला, कुठल्यांपर्यंत नाही आणि का नाही, एवढं गावांच्या नावानिशी नीट मांडलंत तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) ताठ मानेने बोलता येतं, कारण समोरच्या एक्स्टर्नलकडे, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाकडे, तो डेटा नसतो, तो फक्त तुमच्याकडे असतो. प्रत्येक टेबलाच्या खाली किती जणांनी उत्तर दिलं नाही तो आकडा छापा, गाइडने काढायला सांगितला तरी काढू नका.