फोनमधलं खासगीपण: किती वाचवता येतं आणि कसं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी तासभर शेजाऱ्यांचे फोन बघून देतो. कुणाचं स्टोरेज भरलेलं असतं, कुणी पासवर्ड विसरलेलं असतं. हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "सरकार आपलं व्हॉट्सअ‍ॅप वाचतं का हो?" विचारणाऱ्या काकांच्या आधार कार्डाची पीडीएफ त्याच वेळी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या फोनमध्ये पडलेली असते, महिनाभरापूर्वी प्रिंट काढायला पाठवलेली. काकांना दिल्लीची धास्ती, नाक्याची नाही.

आपल्या माहितीच्या मागे तिघे असतात: भामटे, कंपन्या आणि सरकार. तिघांपुढे आपलं बळ सारखं चालत नाही. भामट्यांना बऱ्यापैकी अडवता येतं, कंपन्यांना निम्मंशिम्मं, आणि सरकारने मनावर घेतलं तर फारच थोडं. म्हणून कामही त्याच क्रमाने करायचं. एक सकाळ पुरते.

१. आधी वहीचं एक पान घ्या

तीन रकाने आखा. काय लपवायचंय, कोणापासून, आणि त्यापायी किती त्रास सोसायची तयारी आहे. बँकेचा तपशील भामट्यांपासून, साखरेचे रिपोर्ट विमा विकणाऱ्यांपासून, नवी नोकरी शोधताय हे सध्याच्या साहेबांपासून. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. फोनला सहा आकडी पिन ठेवायचाही ज्याला कंटाळा येतो, त्याने पुढच्या दोन पायऱ्या केल्या तरी पुष्कळ झालं.

२. आधारपासून सुरुवात करा

'मायआधार' संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर जा आणि बायोमेट्रिक लॉक करा. म्हणजे तुमच्या बोटाचे ठसे आणि बुबुळं वापरून कुणी व्यवहार करू शकणार नाही. हे कशाला? जमिनीच्या दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून, आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं काही राज्यांत घडली आहेत. ठसा एकदा चोरीला गेला की पिनसारखा बदलता येत नाही. रेशन दुकानात किंवा सिम घेताना अंगठा लावायचा असेल तेव्हा लॉक तात्पुरता उघडता येतो.

तिथेच 'मास्क्ड आधार' उतरवून ठेवा. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आधार क्रमांकाऐवजी देता येणारा १६ आकडी व्हर्च्युअल आयडीही काढता येतो आणि वाटेल तेव्हा बदलता येतो. ऑथेंटिकेशन हिस्टरी उघडलीत तर आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही दिसतं. अनोळखी नोंद दिसली तर चौकशी करा.

लॉजवाल्याने, क्लासवाल्याने मूळ आधारची प्रत मागितली तर दुसरं ओळखपत्र पुढे करा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आधार वापरायची मुभा देणारं आधार कायद्याचं कलम ५७ खाजगी कंपन्यांपुरतं मोडीत काढलं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांना पुन्हा मुभा मिळाली, ती स्वेच्छेने दिलेल्या आधारपुरती. सरकारचा स्वतःचा गोंधळही बघण्यासारखा आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड प्रत द्या. सल्ला उत्तम होता. दोन दिवसांत तो मागे घेतला गेला, 'गैरसमज होऊ शकतो' म्हणून.

आणि झेरॉक्सवाला. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवू नका. पेन ड्राइव्ह न्या, नाहीतर प्रिंट निघाल्यावर त्याच्यासमोर उभं राहून फाइल काढून टाकायला लावा, डाउनलोड फोल्डरमधूनसुद्धा. पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी पडते. दुसऱ्यांदा तो स्वतःच काढतो.

३. तुमच्या नावावर किती सिम?

दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तुमच्या नावावर चालू असलेले नंबर दिसतात. अनोळखी नंबर असेल तर तिथूनच तक्रार करा. मी संकेतस्थळच वापरतो, अ‍ॅप नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने हे अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालायचा आदेश काढला होता. ओरड झाल्यावर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घ्यावा लागला. सोय चांगली आहे. सक्ती कशाला हवी होती, हे मला अजून कळलेलं नाही.

४. कंपन्यांच्या तोंडचा घास थोडा कमी करा

फोनच्या सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर उघडा आणि एकेक परवानगी तपासा: लोकेशन, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट्स. एका आजींच्या फोनमध्ये बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं, अ‍ॅप होतं आणि त्याला त्यांचे सगळे कॉन्टॅक्ट्स हवे होते. चहापेक्षा किटली गरम! असली अ‍ॅप्स काढून टाका. टॉर्च फोनमध्ये असतोच. रिक्षा-टॅक्सीच्या अ‍ॅपला लोकेशन 'फक्त वापरताना' एवढंच द्या.

मग अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीखाली 'अ‍ॅड्स' शोधा आणि जाहिरातींचा आयडी डिलीट करा. हा फोनला चिकटवलेला एक क्रमांक असतो. वेगवेगळी अ‍ॅप्स त्याच क्रमांकावरून 'हा तोच माणूस' असं ओळखतात. आयफोनवर 'ट्रॅकिंग'मध्ये जाऊन अ‍ॅप्सना विचारायचीच परवानगी बंद करा.

गूगलच्या खात्यात एक खाच आहे. लोकेशन हिस्टरी बंद केली की काम झालं असं लोकांना वाटायचं. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की ती बंद असतानाही 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाच्या दुसऱ्याच खणात ठिकाणांची नोंद होत राहते. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. तेव्हा दोन्ही खण उघडा, दोन्ही बंद करा, आणि जुन्या नोंदींना 'ऑटो डिलीट' लावा.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात. देऊ नका. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे की नंबरसाठी अडवणूक करायची नाही. मी एकदा चपला घेताना नंबर दिला नाही, तर काउंटरवरच्या मुलीने शांतपणे १० वेळा ९ दाबला आणि बिल काढलं.

कायद्याचं म्हणाल, तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला नियमांपासून १८ महिने दिले आहेत. कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारायचा आणि ती पुसून मागायचा हक्क त्यात आहे. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात काही पडत नाही.

५. व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली पायपुसण्याखालून उचला

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. मधे कुणी, अगदी कंपनीसुद्धा, वाचू शकत नाही. पण बॅकअप गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो, आणि तुम्ही वेगळं सांगितल्याशिवाय त्याला हे कुलूप नसतं. घराला भक्कम कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, तसला प्रकार. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जा आणि एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर बॅकअप कायमचा गेला, कंपनीलाही उघडता येणार नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग असा की मजकूर लपला तरी पाकीट उघडंच असतं. तुम्ही कोणाशी, केव्हा, किती वेळा बोललात, कोणत्या गटात आहात, हे कंपनीला दिसतं. सिग्नल या निरोपांच्या दुसऱ्या अ‍ॅपची कंपनी याबाबतीत वेगळी निघाली. २०१६ मध्ये अमेरिकेत तिच्याकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही ते मागणार कसं? पण तुमचा सगळा गोतावळा व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर एकट्याने सिग्नलवर जाऊन कोणाशी बोलणार, हाही प्रश्न आहेच. मी घरच्यांपुरतं सिग्नल वापरतो.

६. कुलूप नव्हे, नुसता पडदा

ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी, म्हणजे फोनवर हिस्टरी न ठेवणारी, घरातल्या माणसांपासून लपवते, इंटरनेट कंपनीपासून किंवा संकेतस्थळांपासून नाही. याच गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा. ते घेतलं म्हणजे तुमचा विश्वास इंटरनेट कंपनीवरून उचलून व्हीपीएन कंपनीवर ठेवला, एवढंच. फुकटचं व्हीपीएन तर घेऊच नका. शिवाय सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) पाच वर्षं जपून ठेवायचे. एक्सप्रेसव्हीपीएन आणि नॉर्डव्हीपीएनने त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले.

७. आता सरकार

इथे सेटिंग्ज नाहीत. इथे हद्द कुठे आहे ते नीट माहीत असणं हीच पायरी.

फोन चालू असला की तो कोणत्या तरी टॉवरला जोडलेला असतो, त्याशिवाय फोन येणारच नाही. कोणाला, कधी, किती वेळ, कोणत्या टॉवरखालून, या नोंदी मोबाइल कंपनीने किमान दोन वर्षं ठेवायच्या असा डिसेंबर २०२१ पासून परवान्याचा नियम आहे. इंटरनेटच्या नोंदींनाही तो लागू आहे. कोणतंही अ‍ॅप यातून सोडवत नाही.

बोलणं ऐकायचं असेल तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांचा. तातडीच्या वेळी आधी ऐकून कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी घेता येते. आढावा समिती असते, केंद्रात ती कॅबिनेट सचिवांची. म्हणजे आदेश सचिवाचा आणि तपासणीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेही नाही. ज्याचं ऐकलं त्याला कधीच कळवलं जात नाही. २०१३ मध्ये माहिती अधिकारात केंद्रानेच सांगितलं होतं की महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार फोन ऐकण्याचे आदेश निघतात. एका समितीने तेवढे आदेश काय वाचून तपासायचे?

तरी न्यायालयाचं दार बंद नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या प्रकरणातल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षेला धोका नाही, मग ऐकलं कशाला, असा तो निकाल. आदेश मात्र २००९-१० मधले होते, आणि ती रेकॉर्डिंग्ज खटल्यात पुढे आली म्हणून त्याला दाद तरी मागता आली. माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात तर केंद्राला आपल्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षेच्या कारणावरून कायद्याबाहेर ठेवता येतं.

फोन प्रत्यक्ष हातात मागितला गेला तर? बोट किंवा चेहरा लावून फोन उघडून घेणं सोपं असतं, डोक्यातला पिन काढून घेणं अवघड. जबरदस्तीने पासवर्ड मागता येतो का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली रीतसर आदेश असताना कुलूप उघडायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा वेळी यूट्यूबवरचे सल्ले नकोत, वकील गाठा.

८. ज्यांना खरोखरच धोका आहे त्यांच्यासाठी

पत्रकार, वकील, माहिती अधिकारात खणणारे कार्यकर्ते. पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच होतं असा निष्कर्ष निघाला नाही, आणि केंद्राने सहकार्य केलं नाही असं न्यायालयात नोंदवलं गेलं. असं काही फोनमध्ये शिरलं की सिग्नलचं कुलूपही निरुपयोगी, कारण ते तुमच्या खांद्यावरूनच पडदा वाचतं. फोन अद्ययावत ठेवा, रोज एकदा बंद करून चालू करा, आयफोन असेल तर लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा कमी करायला बऱ्याच सोयी बंद करणारी सेटिंग) लावा. तरी हे अवघड करणं आहे, अशक्य करणं नाही.

भेट फार नाजूक असेल तर फोन घरी ठेवतात. पण तुमच्याबरोबर येणाऱ्या मित्राच्या खिशात फोन असेल तर टॉवरला तो दिसणारच, आणि रोज सकाळी आठची लोकल पकडणारा फोन एके दिवशी दुपारपर्यंत घरीच बसला तर तीही नोंदच. फोन ठेवायचे तर सगळ्यांनीच ठेवायचे, शक्यतो नेहमी जिथे असतात तिथे, आणि रिक्षाचे पैसे सुट्टे न्यायचे.