पेठ रोडला राहायला येणाऱ्या कुटुंबांसाठी: आधी नंबर तपासा

भातकापणी उरकली, नागली घरात आली की सुरगाणा, पेठ, हरसूलकडची कुटुंबं नाशिकच्या दिशेने निघतात. बरीचशी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला लागतात आणि होळीला गावी परततात. पण दरवर्षी काही घरं परत जात नाहीत. गावात पावसावरचं एकच पीक, उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी वणवण, म्हणून पंचवटीच्या पलीकडे, पेठ रोडच्या अंगाला खोली बघून इथेच राहायचं ठरवतात. त्यांच्या सोबत उभं राहायचं असेल तर काय तयारी हवी ते लिहून ठेवते आहे. मागच्या हंगामात आम्ही पाचजणींनी तीन घरांची जबाबदारी घेतली आणि एका चुकीपायी चार महिने वाया घालवले. तशी चूक तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिणं.

पांघरुणं, भांडी, मुलांचे स्वेटर. हे लोक आपणहून आणून देतात, त्यात डोकं घालू नका. फक्त पत्र्याच्या खोलीत जमिनीवर अंथरायला जाड काहीतरी आहे ना, ते बघा. डिसेंबरात इथली फरशी बर्फासारखी होते.

आता ती गोष्ट. आधारला जोडलेला मोबाईल नंबर. आधार कार्ड आहे का, असं आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं. सगळ्यांची कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली होती, ती बघून आम्ही निश्चिंत झालो. त्या कार्डाला कोणाचा नंबर जोडलाय, हे पाचजणींपैकी एकीनंही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी करायला बसलो. आधार क्रमांक टाकला, ओटीपी पाठवला आणि सगळे एका फोनकडे बघत राहिलो. काहीच आलं नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मग आधारच्या साइटवर कार्ड पडताळून बघितलं. तिथे जोडलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात. घरातली सून ते आकडे वाचून हळूच म्हणाली, "ताई, हा तर मुकादमाचा नंबर."

झालं होतं असं की दोन-तीन वर्षांपूर्वी बागेवर असताना मुकादमानंच सगळ्यांना केंद्रावर नेलं, कार्डं दुरुस्त करून आणली आणि फॉर्मवर आपला नंबर दिला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात होता आणि फोन उचलत नव्हता. दुसऱ्या घराचा नंबर त्यांचाच होता, पण गावात रेंज नाही म्हणून रिचार्ज केलेलं नव्हतं. सिम बंद पडलं आणि कंपनीने तो नंबर भलत्याच माणसाला देऊन टाकला. सलग तीन महिने वापर नसला की सिम बंद होऊ शकतं. म्हणून दोन प्रश्न विचारा: नंबर कोणाचा आहे आणि तो चालू आहे का. घरातल्या प्रत्येक माणसासाठी वेगळं विचारा, एकाचं उत्तर सगळ्यांना लावू नका.

नंबर बदलायला सहसा त्या माणसाला आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं. कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे लागतात, आणि फी शंभर रुपयांच्या आत आहे. पण काम कधी चार दिवसांत होतं, कधी महिना जातो. शिवाय केंद्रावर जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. आमच्या तिन्ही घरांत हे फेब्रुवारीपर्यंत लांबलं. त्यातल्या एका घरात पहिलटकरीण होती. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात, पण ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. तिचं खातं जोडलं जाईपर्यंत आठवा लागला. मग ती बाळंतपणाला आईकडे निघून गेली आणि अर्ज पिशवीतच राहिला. तिला लागायचे तेव्हा ते पैसे मिळाले नाहीत, ही बोच मला अजून आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात दुसरं काही झालं नाही तरी चालेल, हे व्हायलाच हवं.

केंद्रावर जायच्या आदल्या रात्री हातांना खोबरेल तेल चोळायला सांगा. सिमेंटमध्ये आणि बागेतल्या औषधांत काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. सकाळी हात साबणाने धुऊन कोरडे करून न्यायचे. मुलांची कार्डंही सोबत घ्या, ५ आणि १५ वर्षांनंतर ठसे नव्याने द्यावे लागतात आणि ते बहुतेकांचे राहिलेलेच असतात.

मग रेशन. शिधापत्रिका गावाकडची असली तरी इथल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं, कार्ड बदलायची गरज नाही. म्हातारी माणसं गावीच राहिली असतील तर त्यांच्या वाटचं तिकडे, इथल्यांच्या वाटचं इकडे, असंही उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. दुकानदार "गावालाच जा" म्हणाला तर परत फिरू नका. शांतपणे मशीनवर कार्डाचा नंबर टाकायला सांगा. पहिल्या वेळी तुमच्यापैकी कोणीतरी सोबत उभं राहा, एकट्या बाईला रांगेतून बाजूला काढतात. प्रत्येक सदस्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी झालंय का तेही तिथेच बघून घ्या, नसेल तर नाव गळतं.

शाळेबद्दल घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मुलाला वयानुसार वर्गात बसवावं लागतं. गावच्या शाळेतून स्थलांतर करणाऱ्या मुलांचं शिक्षण हमी कार्ड आणलं तर आणखी सोपं जातं. मुलं घरी कोकणा किंवा वारली ही आदिवासी बोली बोलतात, तेव्हा पहिले दोन महिने गप्प बसणारं मूल मठ्ठ नाही हे बाईंना आधीच सांगा. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई, अंगणवाडीत. जातीचा दाखला मूळ तालुक्यातूनच निघतो, त्यासाठी पुढे खेटे नकोत, म्हणून येतानाच जुने कागद आणायला सांगा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, तिथे चौकशीला जाताना त्यांना सोबत न्या, स्वतः एकटीने जाऊन निरोप आणू नका.

काम. इथे एकच सांगते, उचल घेऊ देऊ नका. मुकादम आधी पैसे देतो, मग वर्षभर माणूस त्याचा होतो, आणि नंबरही त्याचाच, हे आपण बघितलंच. पहिल्या महिन्याचं भाडं आणि किराणा तुम्ही द्या, म्हणजे उचलीची गरज पडणार नाही. दुसऱ्या महिन्याचं मात्र देऊ नका. जड जातं, पण हात पसरायची सवय लागलेलं घर लवकर सावरत नाही. बाहेरून आलेल्यांना हाताचं काम शिकवणं या शहराला नवं नाही. आपण रोज ज्या शरणपूर रोडने जातो, तिथल्या शरणपूरच्या मिशनने एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ठेवून घेतलं आणि सुतारकी-लोहारकी शिकवली. १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टन या प्रवासी मिशनऱ्याचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी. मिशनचा हेतू काय होता ते वेगळं, पण हाताला कसब दिलं हे खरं. बांधकामावर जाणाऱ्याला गवंडीकाम शिकायला लावा, नाक्यावर बिगाऱ्याची आणि गवंड्याची मजुरी एक नसते. वर्षात ९० दिवस बांधकामाचे भरले की सरकारच्या बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होते. त्याचा दाखला ठेकेदाराकडून दर महिन्याला घ्या, काम संपल्यावर तो सापडत नाही. आणि या नोंदणीलाही ओटीपी लागतो. नंबर बघितलात ना?

बँक खातं बाईच्या नावाने, शून्य शिलकीचं. खोलीचा भाडेकरार लेखी. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली नसेल तर सिव्हिलमध्ये करून घ्या, आपल्या आदिवासी पट्ट्यात तो आजार आहे. बचत गट सहा महिन्यांनी, आधी नको, अजून शेजारणींची नावंही नीट माहीत नसतात.

होळीला सगळे गावी जातील, जाऊ द्या, त्यांचा तो मोठा सण आहे. फक्त निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचा फोन हातात घ्या आणि रिचार्ज किती दिवसांचं उरलंय ते बघा.