सुगरणीच्या वसाहतीवर पहिला पावसाळा: नव्याने पक्षी-अभ्यासात येणाऱ्यांसाठी

सलीम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा हाताला काम नव्हतं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी बंद झाली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला आले. घराजवळच सुगरणीची वसाहत होती, तिच्यासमोर त्यांनी पावसाळा काढला. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये तो अभ्यास छापून आला. नर अर्धंच घरटं विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते आतबाहेर पाहते. पसंत पडलं तर ती ताबा घेते आणि नर उरलेलं विणकाम उरकतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारीच दुसरं घरटं सुरू करून दुसऱ्या मादीला बोलावतो. आपल्याकडे नाव स्त्रीलिंगी आणि कौतुकही तिचंच, पण विणकर नर आहे.

त्या काळात आपल्याकडे पक्षीशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारून त्याचं कातडं भरून ठेवणं. सलीम अलींनी तेही भरपूर केलं, ते झाकण्यात अर्थ नाही. पण बर्लिनमध्ये जर्मन पक्षीशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली जिवंत पक्ष्याच्या वागण्याकडे बघायची शिस्त त्यांना लागली आणि किहीमला ती कामी आली. राजस्थानातली भरतपूरची पाणथळ आणि केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्यासाठी त्यांनी पुढे शब्द टाकला तेव्हा त्या शब्दाला वजन होतं, ते अशा नोंदींमुळे. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्याने दोनशे जातींची यादी करण्याआधी एका वसाहतीवर एक हंगाम काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत भातशेती असलेल्या बहुतेक गावांत हे जमतं. मोठा खर्च एकच, दुर्बिणीचा.

झाड कुठलं धरायचं

शोध जूनच्या शेवटी सुरू करा. पहिल्या पावसानंतर गवत वर आलं आणि भाताचं रोप वीतभर झालं की नरांना पाती मिळू लागतात. शिंदी, माड, बाभूळ, विहिरीवर झुकलेली फांदी, कधी विजेची तार, अशा ठिकाणी पाहा. गेल्या वर्षीची तपकिरी, फाटकी घरटी लोंबत असतील तर त्या झाडाकडे आधी जा, कारण वसाहत बऱ्याचदा तिथेच परत बसते. पंधरा ते पंचवीस घरटी पुरेत. साठ घरट्यांचं झाड बघून हुरळून जाऊ नका. ऑगस्टमध्ये कुठलं घरटं कुठलं हेच कळेनासं होतं आणि वही अर्ध्यात सुटते.

घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण आपल्याकडचा पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे बसायची जागाही पूर्वेला हवी. मग सकाळचा उजेड पाठीमागून घरट्यांवर पडतो आणि दुर्बिणीच्या काचेवर थेट पावसाचा मारा होत नाही. अंतर २० ते २५ मीटर ठेवा. तुम्ही बसल्यावर दहा मिनिटांत नर पुन्हा विणायला लागले नाहीत तर तुम्ही फार जवळ आहात. उठा आणि मागे सरका.

जमीन कोणाची तरी असतेच. पहिल्याच दिवशी मालकाला गाठा आणि सरळ विचारा, “काका, पाखरं बघायला बांधावर रोज थोडा वेळ बसलो तर चालेल ना?” दाणा भरताना सुगरणी भातावर उतरतात, त्यामुळे काका पाखरांवर चिडलेले असू शकतात. तिथे पर्यावरणाचं भाषण देऊ नका. किती नुकसान होतं, कुठल्या जातीच्या भातावर जास्त, ते विचारा आणि लिहून घ्या. तीही नोंदच आहे.

सामान

८x४२ ची दुर्बीण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०x घेतली तर हात हलतो आणि पावसाळी मंद उजेडात चित्र काळवंडतं. कोकणात दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी. आतल्या काचेवर एकदा जाळं धरलं की साफसफाईचा खर्च नव्या स्वस्त दुर्बिणीच्या घरात जातो. घरी आल्यावर कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, कातडी पिशवीत अजिबात नको. एसी खोलीतून थेट बाहेर काढली की काच धुरकट होते आणि पहिली वीस मिनिटं वाया जातात, म्हणून डबा रात्री ओटीवर ठेवा.

लिहायला २बी पेन्सिल. जेल पेनची पानं पहिल्या सरीत निळी होतात. छत्री काळी किंवा मातकट, आणि रोज तीच.

गमबूट हवेतच, आणि तेही नुसत्या चिखलासाठी नव्हे. पायाला जखम असताना भातखाचरात उतरलात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘शेतात उतरत होतो’ हे आपणहून सांगा. बांधावर बसण्याआधी काठीने गवत हलवा. फुरसं हा विषारी साप लहान असतो आणि दगडाच्या रंगात मिसळून जातो.

घरट्यांना नंबर

पहिल्या दिवशी झाडाचं रेखाचित्र काढा आणि दिसेल त्या प्रत्येक घरट्याला नंबर द्या. फोटो रोज एकाच जागेवरून, त्यासाठी जमिनीत एक खुंटी ठोका. घरटं पडलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘डावीकडून तिसरं’ अशी ओळख ठेवतात. पंधरा दिवसांत भिजलेल्या घरट्यांच्या वजनाने फांदी वाकते, मधे दोन नवी घरटी येतात आणि तिसरं पाचवं होतं. ओळख फांदीच्या बेचक्यापासून किंवा झावळीच्या टोकापासून ठेवा: ‘दुसरी झावळी, टोकापासून हातभर आत’. बेचकं जागचं हलत नाही.

अवस्थांना अंक द्या. ० म्हणजे नुसती गाठ, १ म्हणजे कडं, २ म्हणजे अर्धं घरटं (इंग्रजीत याला हेल्मेट म्हणतात, तोच शब्द आपणही वापरतो), ३ म्हणजे अंड्यांची खोली बंद, ४ म्हणजे नळी पूर्ण. पडलेल्याला ‘प’, सोडून दिलेल्याला ‘स’. पूर्ण घरट्याला साधारण १८ दिवस लागतात, त्यातले आठेक दिवस हेल्मेटपर्यंत. आठवड्याला एक फेरी का पुरत नाही ते यावरून कळेल. मादीची निवड हेल्मेटवर होते आणि रविवार ते रविवार गेलात तर ती नेमकी तुमच्या पाठीमागे उरकते. दर तिसऱ्या दिवशी जा. सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत बसा, जमलं तर संध्याकाळी चार ते सहा.

वहीत प्रत्येक फेरीला वेळ, वारा, पाऊस, घरट्याचा नंबर, अवस्था, नर हजर की नाही, मादी आत गेली का आणि किती वेळ, चोचीत काय होतं. काही घडलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा. कोरी जागा आणि ‘काही नाही’ यांतला फरक नोव्हेंबरमध्ये वही उघडली की कळतो.

जे दिसतं त्याचा अर्थ

मादी हेल्मेटमध्ये शिरली म्हणजे पसंती झाली असं नाही. ती विण ओढून बघते आणि निघूनही जाते. नर लोंबकळत पंख फडफडवून कितीही ओरडला तरी ते लग्न नव्हे. नराने खोली बंद करून नळी विणायला घेतली आणि तीच ये-जा करू लागली, की मग पसंती लिहा. नर हेल्मेटच्या आतून ओल्या मातीचे गोळे थापतो. त्यात काजवे चिकटवून तो घरात दिवा लावतो ही जुनी समजूत गावात अजून ऐकू येईल. ऐका, वहीत काजवा लिहू नका.

घरट्यांची संख्या म्हणजे जोड्यांची संख्या नव्हे. चाळीस घरटी दिसली म्हणून ऐंशी पक्षी लिहिणारे दर वर्षी भेटतात. एकाच नराची तीन-चार घरटी असतात आणि कित्येक हेल्मेटं नापसंत होऊन तशीच सुकतात. त्या सुकलेल्या घरट्यांची मोजणी सोडू नका. जागा चुकली, विण सैल पडली की नर उशिरा आला, हे विचारायला तीच आकडेवारी लागते.

आत अंडी आहेत का ते बघायला काठीला आरसा किंवा मोबाईल बांधू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी-घरट्यांना इजा करणं शिकारीतच मोडतं. शिवाय गरजही नसते. मादी पसंतीनंतर दोनेक आठवडे शांत असते, ते अंडी उबवण्याचे दिवस. मग एक दिवस ती चोचीत अळी किंवा नाकतोडा घेऊन येते. एरवी दाणे खाणारा हा पक्षी पिल्लांना किडे भरवतो, त्यामुळे ती अळी म्हणजे पिल्लं बाहेर आल्याची खूण. पुढे अडीच आठवड्यांच्या आसपास पिल्लं उडतात.

वादळी सरीनंतर खाली पडलेलं, रिकामं असल्याची खात्री केलेलं घरटं हातमोजे घालून तिथेच तपासा. मुंग्या सोडत नाहीत. दहा पट्ट्या सोडवून मोजा, साधारण २० ते ६० सेंटिमीटर भरतात. भाताची किती, माडाची किती, गवताची किती ते लिहा. शेजारचं खाचर पडीक गेलं किंवा तिथे बंगल्याचं कुंपण आलं, तर पुढच्या वर्षी हे प्रमाण कसं बदलतं ते बघण्यासारखं असतं. झाडावरची जुनी घरटी मात्र काढून घरी शोभेला आणू नका. मुनिया त्यांत रात्री झोपतात.

वही पुढे कुठे नेते

फेरीची नोंद ई-बर्डवर (पक्षी-नोंदींचं ऑनलाइन संकेतस्थळ) टाका, पण घरट्यांचा तक्ता वेगळा ठेवा. तिथे तो मावत नाही. बीएनएचएसचा पक्षीशास्त्राचा अभ्यासक्रम असो, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतलं एमएस्सी असो की एखाद्या प्रकल्पावरचं सहायकाचं काम, मुलाखतीत ‘किती जाती पाहिल्या’ याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. ‘बावीस घरट्यांपैकी किती हेल्मेटवरच अडकली आणि का वाटतं’ याचं फार थोड्यांकडे. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायची घाई नको, त्याला रीतसर प्रशिक्षण आणि परवानगी दोन्ही लागतात.

राज्याचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो, शेवटचा दिवस सलीम अलींच्या जन्मदिनाचा. तोवर नरांचा पिवळा रंग उतरलेला असतो आणि झाडावर सुकी घरटी उरतात, त्यामुळे शाळेच्या मुलांना सुगरण दाखवायची असेल तर ऑगस्टमध्येच न्या. नोव्हेंबरचा उपयोग तक्ता पुरा करायला होतो: एकूण किती घरटी सुरू झाली, कितींना २ मिळाला, कितींना ४, किती पडली, कितींत चारा गेला. या पानाची एक झेरॉक्स शेतमालकाला द्या. खुंटी उपटू नका. पुढच्या जूनमध्ये फोटो तिथूनच काढायचे आहेत. आणि तोवर झाड तुटलं असेल, तर तारीख घालून तेही लिहा.