मन आतून कोरडं पडतंय? मग या चुका टाळा

बायबलमधलं नीतिसूत्रे ४:२३ आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे, सगळ्यात जास्त आपलं अंतःकरण जप, कारण जीवनाचा उगम तिथेच आहे. पण जपायचं म्हणजे रोज नक्की करायचं काय हे कोणी नीट सांगत नाही, मग होतं काय की उपासना चालू, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देणं चालू, चर्चच्या क्वायरमध्ये गाणं चालू आणि आत मात्र चिडचिड, हेवा, कंटाळा. माझं ठाम मत आहे की मन एका दिवसात बिघडत नाही, ज्या दिवशीचं त्या दिवशी निस्तरलं नाही की बिघडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मनात अढी ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि प्याला घ्यायला, पुढे जाणं. नाताळच्या नाटकात मरीया कोणाच्या मुलीने व्हायचं यावरून दोन घरांचं बिनसतं, ईस्टर येऊन जातो तरी एक घर उजवीकडच्या बाकांवर आणि एक डावीकडे, सलाम करायची वेळ आली की नजर मोबाईलमध्ये, आणि भाकर नि प्याला मात्र दोघं घेतात. मत्तय ५:२३-२४ जरा सावकाश वाचा. येशू तिथे तुझा राग असेल तर जा असं म्हणत नाही, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर असं म्हणतो. म्हणजे चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबायचंच नाही! इफिस ४:२६ मध्ये तर मुदत सूर्य मावळेपर्यंतचीच आहे. म्हणून फोन करा, जमलं तर घरी जा, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज टाकू नका, त्यातला सूर समोरच्याला कळत नाही. "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं, माफ करा" एवढंच बोला आणि त्याला "पण तुम्ही पण..." जोडू नका. समोरचा नाहीच बोलला तर रोम १२:१८ आहे, आपल्याकडून होईल तेवढं करायचं. हां, एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, घरात मारहाण होत असेल तर क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे, तिथे आधी सुरक्षित जागी जा आणि मदत घ्या.

दुसरी चूक, "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" असं एका दमात म्हणून झोपी जाणं. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, दावीद त्या श्रीमंतावर भडकला, आणि "तो मनुष्य तूच आहेस" ऐकल्यावर कुठे त्याला स्वतःचं पाप दिसलं. पाप मोघम ठेवलं की ते नेहमी दुसऱ्याचंच वाटतं. रात्री पाच मिनिटं काढा, स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं वाचा आणि नाव घेऊन कबूल करा, आज दुपारी सासूबाईंना तोडून बोलले, जाऊबाईंच्या नवीन फ्लॅटचं ऐकून पोटात दुखलं, असं.

तिसरी, सेवेत इतकं बुडायचं की स्वतःच्या प्रार्थनेला वेळच नाही. महिला मंडळ, घरसभा, संडे स्कूल सगळं चांगलंच आहे, पण सकाळी स्टेटसला वचन ठेवलं म्हणजे वाचन झालं असं होत नाही. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधार असतानाच एकांतात प्रार्थनेला गेलाय, आणि तेसुद्धा आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं असताना. एक अध्याय नाही जमला तर पाच वचनं वाचा, पण मोबाईल हातात घ्यायच्या आधी.

आणि ही चूक आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये फार होते, कोणी थकलं, खचलं की लगेच विश्वास कमी पडला म्हणायचं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन झोपतो, परत उठवून परत खायला देतो, आणि मगच होरेब डोंगराचा रस्ता. त्यामुळे झोप उडालीय, सारखं रडू येतंय, कशातच मन लागत नाही असं बरेच दिवस चाललं असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा, त्यात अविश्वास काही नाही. घरात असं कोणी असेल तर वचन ऐकवायच्या आधी त्याला गरम जेवायला वाढा आणि रात्री झोप लागते का ते विचारा.