घाट उतरायच्या आधी एकदा खाली उतरा

पुण्याकडून मुंबईला स्टीलची कॉइल (पत्र्याची जड गुंडाळी) घेऊन निघालात तर लोणावळ्याच्या आधीच गाडी नीट बाजूला लावून चेन, बेल्ट हाताने ओढून बघा, कारण निघताना कितीही कचकून बांधलं तरी हादऱ्यांनी माल बसतो आणि बेल्ट ढिले पडतात. ताडपत्री माल झाकते, धरत नाही बरं का! भरणाऱ्याने बांधलंय म्हणून सोडू नका, सांडला की पोलीस पहिले ड्रायव्हरलाच धरणार. आणि अंतर... ताशी ६० च्या स्पीडला गाडी ३ सेकंदात ५० मीटर जाते, त्यामुळे लोडेड असाल तर पुढची गाडी एखाद्या खांबापासून गेली की तुम्हाला त्याच खांबापाशी पोचायला ५-६ सेकंद लागले पाहिजेत, पावसात अजून जास्त. मधे कार घुसतातच, घुसू दे, परत मागे राहा. कचकन ब्रेक मारला की कॉइल थेट केबिनकडेच येते.