रास्पबेरी पाय ४ साठी कर्नल बिल्ड करताय? मेन्यूकन्फिग उघडायच्या आधी एवढं तयार ठेवा

माझ्या ज्या काही रात्री रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डसाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) बिल्ड करण्यात वाया गेल्यात त्या सगळ्या मेन्यूकन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू, उघडायच्या आधी काहीतरी राहून गेल्यामुळे गेल्यात, म्हणून ही यादी लिहून ठेवते, पहिल्यांदा बसणाऱ्याला तरी उपयोग होईल.

सगळ्यात आधी बोर्ड हातात घ्या आणि तो नक्की कुठला आहे ते वाचा, "पाय आहे" एवढं पुरत नाही. पाय ४ वर ब्रॉडकॉमची बीसीएम२७११ चिप आहे, तिच्यात चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर. पाय ३ वर ए५३ कोअर, आणि पाय ५ वर बीसीएम२७१२ म्हणजे ए७६ कोअर, त्याचा डेफकन्फिगही (पर्यायांची तयार सुरुवातीची यादी) वेगळा आणि त्यात मेमरी पेज, म्हणजे कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो तो तुकडा, ४ केबीऐवजी १६ केबीचं असतं. हा पेजचा फरक छोटा वाटतो पण ४ केबी धरून कंपाइल केलेला जेईमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) वापरणारे प्रोग्रॅम १६ केबीवर सुरूच होत नाहीत, त्यामुळे पाय ५ ची कन्फिग कुणाकडून आयती घेऊन पाय ४ वर चालवू असा विचारसुद्धा करू नका, उलटंही नको.

मग बिल्ड कुठे करणार ते ठरवा. पायवरच केलात तर होतं, पण तासन्‌तास लागतात आणि बोर्ड तापतो, त्यामुळे मी तरी लॅपटॉपवर क्रॉस कंपाइलच करते, म्हणजे एका जातीच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्या जातीसाठी बिल्ड. त्यासाठी डेबियन किंवा उबंटूवर बायसन, फ्लेक्स, बीसी, मेक, लिबएसएसएलचं डेव्ह पॅकेज, एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज (हे नसेल तर मेन्यूकन्फिग उघडतच नाही) आणि क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ एवढं टाकून घ्या. डिस्कवर वीसेक जीबी मोकळी ठेवा, आणि सोर्स गिटवरून घेताना डेप्थ १ द्या, सगळी हिस्टरी ओढत बसायची गरज नाही.

आता जिथे माझी अख्खी संध्याकाळ गेली ती गोष्ट. लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६ जातीचा, बिल्ड पायच्या आर्म६४ साठी, तर प्रत्येक मेक कमांडला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आर्च म्हणजे आर्म६४ आणि क्रॉस कंपाइल म्हणजे टूलचेनच्या (कंपायलर वगैरे साधनांच्या) नावाचा सुरुवातीचा भाग. प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक, डेफकन्फिगला, मेन्यूकन्फिगला, शेवटच्या बिल्डला, सगळ्यांना. मी डेफकन्फिगला बरोबर दिलं होतं, मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये नुसतं मेक मेन्यूकन्फिग केलं, मेन्यू छान उघडला, दोन पर्याय बदलले, सेव्ह केलं. आर्च न सांगितल्यामुळे कर्नलने लॅपटॉपचाच एक्स८६ धरला आणि डॉट कन्फिग फाइल (निवडलेले सगळे पर्याय जिच्यात राहतात ती) एक्स८६ ची म्हणून नव्याने लिहिली, आर्मचे सगळे पर्याय गायब. एरर काही आली नाही, कारण कर्नलच्या दृष्टीने चुकलं काहीच नव्हतं! तेव्हापासून मी दोन्ही व्हेरिएबल एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलीत आणि मेक थेट कधीच चालवत नाही, स्क्रिप्टमधूनच चालवते. एक्सपोर्ट करून ठेवलं तरी चालतं पण नवीन टर्मिनल उघडलं की ते जातं आणि नेमकं तेव्हाच लक्षात राहत नाही. शिवाय मेन्यूत काही बदलायच्या आधी आणि सेव्ह केल्यावर डॉट कन्फिगच्या पहिल्या तीन ओळी बघायच्या, तिसऱ्या ओळीत लिनक्स/आर्म६४ आणि पुढे व्हर्जन असं लिहिलेलं दिसलं पाहिजे, तिथे लिनक्स/एक्स८६ दिसलं तर तिथेच थांबा. मेन्यूतही कळतं, "प्लॅटफॉर्म सिलेक्शन" हा विभाग दिसला तर आर्म, "प्रोसेसर टाइप अँड फीचर्स" दिसला तर तुम्ही चुकीच्या घरात शिरलाय.

आणि क्रॉस कंपाइलच्या व्हॅल्यूत शेवटचा डॅश विसरू नका, एआर्च६४-लिनक्स-जीएनयू आणि त्याच्या पुढे अजून एक डॅश. मेक त्याला नुसतं जीसीसी चिकटवतं, डॅश नसेल तर ते "जीएनयूजीसीसी" अशा नावाचा कंपायलर शोधत बसतं आणि तो कुठेच नसतो.

सुरुवातीची कन्फिग कुठली घ्यायची हा पुढचा मुद्दा, आणि रिकाम्या पाटीवरून कधीच सुरू करू नका. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या सोर्समध्ये बीसीएम२७११ नावाचा डेफकन्फिग आहे, पाय ४ ला ६४ बिटसाठी तोच. मेनलाइन म्हणजे लिनस टोरवाल्ड्सच्या मूळ लिनक्स सोर्समधून घेत असाल तर तिथे आर्म६४ साठी बोर्डागणिक वेगळी फाइल नसते, सगळ्यांना मिळून एकच डेफकन्फिग, त्यात क्वालकॉम, रॉकचिप, मीडियाटेक सगळे चालू. बिल्डचा वेळ वाचवायचा असेल तर प्लॅटफॉर्म सिलेक्शनमध्ये जाऊन बाकीचे बंद करा, पण जपून, कारण तिथे २७११ असं काही शोधलंत तर सापडणार नाही, पाय ४ येतो "ब्रॉडकॉम बीसीएम२८३५ फॅमिली" या नावाखाली. २८३५ ही पहिल्या पायची चिप, नाव तेच चिकटून राहिलंय. जुना बोर्ड दिसतोय म्हणून ते बंद केलं की झालंच.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, चालू असलेल्या पायकडूनच कन्फिग मागायची. त्यावर कन्फिग्ज नावाचं मॉड्यूल (कर्नलला चालू असताना जोडता येणारा तुकडा) लोड केलं की प्रॉक फोल्डरमध्ये कन्फिग डॉट जीझेड दिसते, ती उघडून घ्या, ओल्डडेफकन्फिग चालवा, म्हणजे नवीन व्हर्जनमध्ये जे पर्याय वाढलेत त्यांना डिफॉल्ट उत्तरं मिळतात. काहीही घेतलंत तरी त्याची एक कॉपी सोर्सच्या बाहेर ठेवून द्या, सोर्स साफ करणारं मेक एमआरप्रॉपर चुकून चाललं की डॉट कन्फिगसुद्धा पुसली जाते.

लोकल व्हर्जन, म्हणजे कर्नलच्या व्हर्जनच्या नावामागची शेपटी, आत्ताच बदला, नंतर नाही. पायच्या डेफकन्फिगमध्ये ते "-व्ही८" असतं, त्याच्यापुढे स्वतःचं काहीतरी जोडा. मॉड्यूल्स व्हर्जनच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातात, नाव तेच राहिलं तर तुमची मॉड्यूल्स जुन्या चालत्या कर्नलच्या मॉड्यूल्सवर जाऊन बसतील आणि मग परतीचा रस्ता बंद.

आता खरा विचार करायचा भाग, बूटचा रस्ता. कागद घ्या आणि लिहा की तुमचा पाय वीज लागल्यापासून रूट फाइलसिस्टिमपर्यंत, म्हणजे जिथे बाकीची सगळी सिस्टिम ठेवलीये तिथपर्यंत, कसा पोचतो. इनिट्रॅमएफएस (बूटच्या वेळी मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) वापरणार नसाल तर या रस्त्यातलं एकही ड्रायव्हर एम म्हणजे मॉड्यूल असून चालत नाही, सगळे वाय म्हणजे कर्नलच्या आतच हवेत, कारण मॉड्यूल ठेवलंय ज्या कार्डवर ते कार्ड वाचायलाच ते मॉड्यूल लागतं. एसडी कार्डसाठी एमएमसी ब्लॉक, एसडीएचसीआय आयप्रॉक आणि ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. यूएसबी एसएसडीवरून बूट करत असाल तर रस्ता लांब आहे, पाय ४ चे यूएसबी ३ पोर्ट पीसीआयईवरच्या वेगळ्या चिपवर आहेत, म्हणजे पीसीआयई ब्रॉडकॉम एसटीबी, मग एक्सएचसीआय पीसीआय, मग यूएसबी स्टोरेज आणि यूएएस, मग फाइलसिस्टिम, यातलं पीसीआयईवालं लोक हमखास विसरतात कारण बोर्डावर पीसीआयईचा स्लॉट दिसत नाही. चुकलं तर स्क्रीनवरची ओळ नीट वाचा. "वेटिंग फॉर रूट डिव्हाइस" वर अडकून राहिला तर डिस्कचा ड्रायव्हर नाही. पॅनिकमध्ये (कर्नल थांबताना देतो त्या एररमध्ये) अननोन ब्लॉक आणि कंसात १७९,२ दिसलं तर उलट कार्ड सापडलंय, १७९ हा एमएमसीचा नंबर आणि २ म्हणजे दुसरं पार्टिशन, फक्त त्यावरची फाइलसिस्टिम कर्नलला वाचता येत नाहीये, ईएक्सटी४ तपासा.

एरेटाच्या यादीला हात लावू नका. कर्नल फीचर्समध्ये आर्मच्या चिपमधल्या चुकांवरचे उपाय लांबलचक यादीत दिसतात, त्यातला १३१९३६७ तुमच्या ए७२ चा आहे, ८४३४१९ पाय ३ च्या ए५३ चा. यातले बहुतेक उपाय बूटच्या वेळी कोअर ओळखून मगच लागू होतात, त्यामुळे चालू ठेवून फारसं काही जात नाही आणि बंद करून नको ते महिन्यातून एकदा क्रॅश होणं पदरात पडतं. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या चुकीवरचे उपायही राहू द्या, ए७२ त्यात सापडतो.

काढण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, तुमच्याकडे नसलेली टीव्ही ट्यूनर, साउंड हॅट (पायवर बसणारा आवाजाचा बोर्ड), टचस्क्रीन वगैरे. एक गोष्ट पाय ४ ची खास, याच्या कोअरमध्ये आर्मचं क्रिप्टो एक्स्टेन्शन दिलेलंच नाही, त्यामुळे एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या पर्यायांमधला क्रिप्टो एक्स्टेन्शनवाला इथे काहीच करत नाही, डिस्क एन्क्रिप्ट करणार असाल तर निऑनचा (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या आर्मच्या सूचनांचा) बिट-स्लाइस्ड वाला चालू आहे ना बघा.

पर्याय शोधताना मेन्यूत स्लॅश दाबा, नाव टाका, खाली "डिपेंड्स ऑन" वाचा. डॉट कन्फिग हाताने एडिट करून वाय लिहिलंत आणि त्याची डिपेंडन्सी बंद असली तर ओल्डडेफकन्फिग ती ओळ गुपचूप काढून टाकतं, म्हणून ते चालवल्यावर ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) करून ओळ अजून आहे का बघायचं. शेवटी स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डिफकन्फिगने बाजूला ठेवलेली कॉपी आणि आत्ताची फाइल पडताळा, तुम्ही बारा गोष्टी बदलल्या असतील आणि फरक दोनशे ओळींचा आला तर कुठेतरी एक मोठा पर्याय बंद होऊन त्याच्याखालचे सगळे गेलेत, तो शोधल्याशिवाय बिल्ड लावू नका.

टेबलावर सिरियल केबल (पायचे बूटचे मेसेज लॅपटॉपवर दाखवणारी) ठेवा, ३.३ व्होल्टचीच. ग्राउंड सहाव्या पिनला, आठवी पायची टीएक्स (पाठवणारी) आणि दहावी आरएक्स (घेणारी), केबलची आरएक्स आठव्याला आणि टीएक्स दहाव्याला, लाल ५ व्होल्टची वायर मोकळीच राहू द्या. कन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये (ही डॉट कन्फिग नव्हे, कार्डावरची पायच्या बूटची सेटिंग फाइल) एनेबल यूआर्ट १ करा, स्पीड ११५२००. एचडीएमआयवर काही दिसायच्या आधी जे मरतं ते फक्त इथेच दिसतं.

आणि नवीन इमेज (बिल्ड झालेली कर्नलची फाइल) जुन्या कर्नल८ या फाइलवर कॉपी करू नका, वेगळं नाव द्या, कन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये कर्नलच्या ओळीत ते नाव लिहा. नाही उठला तर कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं, त्या ओळीपुढे हॅश टाकायचा, कार्ड परत घालायचं, दोन मिनिटांत जुना कर्नल चालू. एवढं झालं की स्क्रिप्टमधून इमेज, मॉड्यूल्स आणि डीटीबीज (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइली) तिन्ही एकदम लावा, चार्जर जोडलाय ना तेवढं बघा.