ग्रामसभेत विषय मांडला, तरी काम का होत नाही? या चुका टाळा

ग्रामसभेत तासभर आरडाओरडा होतो, सरपंच "बघू, करू" म्हणतात, चहा होतो आणि सभा संपते. पुढच्या सभेला तोच रस्ता, तीच गटार, तोच नादुरुस्त हातपंप. बहुतेक वेळा विषय अडतो तो कागदावर.

पहिली चूक विषय ऐनवेळी काढण्याची. सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी निघते आणि तिच्यात विषयपत्रिका असते. तुमचा विषय तिच्यात हवा असेल तर नोटीस निघण्याआधीच लेखी अर्ज द्या. अर्ज दोन प्रतींत करा, एक ग्रामपंचायतीत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखेच. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" या शेवटच्या ओळीवर विसंबू नका. तिथवर येईपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते.

वेळेचेही गणित आहे. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. पैसा लागणारे काम त्या सभेत नोंदवा. 1 मेच्या सभेत मागितलेली गटार बहुधा चालू वर्षाच्या आराखड्यात नसते, मग "निधी नाही" हे उत्तर खरेच असते.

दुसरी चूक मोघम बोलण्याची. "रस्ता खराब आहे" या वाक्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. कुठून कुठपर्यंत, अंदाजे किती मीटर, खड्डे आहेत की मोरी खचली आहे, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद राहते, हे लिहा. दोन फोटो तारखेसह जोडा. विजेचा विषय असेल तर डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) रंगवलेला क्रमांक टिपून घ्या. "वस्तीवरची डीपी" म्हटल्यावर लाइनमन तीन ठिकाणी फिरतो.

सगळ्यात महागात पडते ती चुकीचे दार ठोठावण्याची चूक. ग्रामपंचायतीकडे मागितलेल्या अनेक गोष्टी तिच्या हातातच नसतात. गावठाणातील रस्ता, दिवाबत्ती, गटार, नळपाणी ही तिची कामे. गावाबाहेरचे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. म्हणून ठराव लिहिण्याआधी रस्ता यांतल्या कोणत्या वर्गात मोडतो ते विचारून घ्या. शेताची जुनी वाट कुणी अडवली असेल तर ग्रामसभेचा ठराव ती उघडत नाही. त्यासाठी तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज लागतो. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या की प्रकरण लांबते.

दारूचे परवानाप्राप्त दुकान बंद करण्याचा विषयही असाच. टाळ्यांच्या गजरात ठराव होतो आणि दुकान चालूच राहते, कारण त्याची रीत वेगळी आहे. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी, सह्यांची पडताळणी आणि मग गुप्त मतदान. "आडवी बाटली", म्हणजे दुकान बंद करण्याची बाजू, जिंकायची तर एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. फक्त मतदानाला आलेल्यांतले बहुमत पुरत नाही. मतदानाच्या दिवशी बायका शेतावर गेल्या की मोहीम तिथेच फसते.

आता ठरावाची भाषा. "रस्त्याबाबत चर्चा झाली व सर्वानुमते मंजूर" हा ठराव नव्हे. काय मंजूर? कुणी करायचे? कामाचा ठराव असा असावा: "ग्रामीण मार्ग क्र. __ वरील शाळा ते पूल या अंदाजे 350 मीटर भागातील खचलेली मोरी बदलण्यासाठी अंदाजपत्रक करावे, म्हणून हा ठराव जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाला व गटविकास अधिकाऱ्यांना पंधरा दिवसांत पाठवावा." खाली सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक.

हजेरीवहीवर सही करून लगेच घरी जाऊ नका. इतिवृत्त नंतर "सवडीने" लिहिले गेले की वाक्ये बदलतात. सभा संपण्याआधी ठराव वाचून दाखवायला सांगा. गणपूर्तीही, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोजा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातील कमी संख्या. 400 मतदारांच्या गावाला 60 पुरतात, 1,400 मतदारांच्या गावाला 100. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी न आलेल्यांच्या गैरहजेरीत मूठभर माणसे निर्णय घेतात. तहकुबीची पुढची तारीख विचारल्याशिवाय उठू नका.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. पाण्याचे, शौचालयाचे विषय तिथे नीट मांडले जातात, पण तिचे ठराव मुख्य सभेत वाचलेच जात नाहीत, असे अनेक ठिकाणी दिसते. ते वाचण्याची मागणी आधीच लेखी द्या.

ठराव झाल्यावर पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत जाऊन तो ज्या पत्रासोबत पाठवला त्याचा जावक क्रमांक (बाहेर गेलेल्या पत्राचा नोंद क्रमांक) मागा. क्रमांक नाही, म्हणजे पत्र गेलेले नाही. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून ठरावाची साक्षांकित प्रत आणि जावक नोंदवहीतील त्या पानाची प्रत मागा. "माझ्या विषयाचे काय झाले" असा प्रश्न अर्जात लिहू नका, कागद मागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा. जावक क्रमांक मिळाला की तोच घेऊन संबंधित उपविभागात जा. तिथे आवक क्रमांक आणि फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा.